लेथवर कॅमशाफ्ट: आठ लोबांच्या नोंदी

२ जून २०२४

मी शेडमध्ये बनवत असलेल्या छोट्या इंजिनाचा ब्लॉक, क्रँकशाफ्ट आणि पिस्टन झाले. आता कॅमशाफ्ट, म्हणजे फिरता फिरता व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांचा (लोबांचा) दांडा. चार सिलिंडर, बोअर २४ मिमी, स्ट्रोक २६ मिमी, एकूण सत्तेचाळीस सीसी. बाबांनी आयुष्यभर ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये टूलरूमची लेथ चालवली, त्यामुळे त्यांच्या लेखी हे अजून "खेळणं"च आहे. पण खारेगावातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी माझ्या आधी तेच येऊन बसतात.

व्हॉल्व्हची मांडणी अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनासारखी ठेवली आहे: एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट आणि पुढे तेच पुन्हा. शेजारच्या दोन इनलेटना मिळून एकच पोर्ट. हेडमध्ये जागा वाचावी एवढाच हिशेब होता. ही मांडणी पुढे वेगळ्याच कारणाने कामी येईल हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२.

९ जून

टायमिंग मवाळ घेतलं. इनलेट पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी १० अंश उघडतो आणि खालच्या टोकानंतर ५० अंशांनी बंद होतो. म्हणजे क्रँकचे २४० अंश, कॅमचे १२०. एक्झॉस्ट याचंच प्रतिबिंब. दोन्ही लोबांच्या नाकांमध्ये, म्हणजे सर्वांत उंच टोकांमध्ये, कॅमचे ११० अंश.

प्रोफाइल तीन कमानींचं: बेस सर्कलची, म्हणजे लोबच्या गोल पायाची त्रिज्या ५ मिमी, लिफ्ट (व्हॉल्व्हची उचल) २, नाकाची त्रिज्या २. बाजूच्या कमानीची, म्हणजे फ्लँकची त्रिज्या काढायची होती. कोसाइनचा नियम लावला आणि बरोब्बर २१ मिमी आली. दशांश चिन्हही नाही. मी तीनदा ताळा केला, कारण असं इतकं सोपं निघालं की मला हमखास संशय येतो. १९ चा वर्ग ३६१. तिकडे २५६ अधिक २५ अधिक ८०, तेही ३६१.

टॅपेट, म्हणजे लोबवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारा तुकडा, सपाट तोंडाचा आहे. त्यामुळे लिफ्टचा तक्ता सरळ निघतो. उघडायला सुरुवात झाल्यापासून १३.१७ अंशांपर्यंत लिफ्ट म्हणजे १६ गुणिले (१ वजा कोसाइन), आणि तिथून नाकाची कमान सुरू. ५ अंशांवर ०.०६१, १० वर ०.२४३, २० वर ०.८३०, ३० वर १.३३०, ४० वर १.६९८, ५० वर १.९२४, ६० वर पूर्ण २.

यात एक गोम आहे. या प्रोफाइलला रॅम्प, म्हणजे सुरुवातीचा हळुवार चढ, नाही. टॅपेटला ०.०५ मिमी क्लिअरन्स (मोकळी फट) ठेवला की व्हॉल्व्ह कॅमच्या साडेचार अंशांनी उशिरा उघडतो आणि तितकाच लवकर बंद होतो. कागदावरचे २४० अंश इंजिनात २२२ होतात. सत्तेचाळीस सीसीला चालेल. शर्यत लावायची नाही.

१६ जून

कॅम घासायचा कसा, यावर बाबांशी रविवारभर वाद. त्यांचं म्हणणं, डिव्हायडिंग हेडवर (जॉब मोजून नेमक्या कोनात फिरवणाऱ्या साधनावर) एकेक अंश फिरवून मिलिंग कर, मग ऑइल स्टोनने हात मार. मऊ कॅमला ते चालेल. मला लोब कडक करून मग घासायचे आहेत, म्हणजे ग्राइंडिंग व्हीलच लावायला हवा.

पद्धत जुनीच आहे. कॅमशाफ्ट एका झुलत्या चौकटीत दोन सेंटरांमध्ये धरायचा. त्याच अक्षावर मास्टर कॅम, म्हणजे ज्याची नक्कल करायची तो नमुना. मास्टर एका स्थिर रोलरवर टेकतो, स्प्रिंग चौकटीला रोलरकडे ओढून धरते. शाफ्ट फिरला की मास्टरमुळे चौकट पुढेमागे झुलते आणि समोरचा ग्राइंडिंग व्हील तोच आकार जॉबवर काढतो. लेथचं काम इथे फक्त भक्कम बेड आणि नेमकी हलणारी क्रॉस स्लाइड पुरवण्याचं. ग्राइंडर क्रॉस स्लाइडवर, चौकट बेडवर मागच्या बाजूला.

मास्टर केवढा करायचा हा खरा प्रश्न. कॅमएवढाच केला तर बेसची त्रिज्या ५, त्याला भोक कुठे पाडणार? मग सुचलं की व्हीलच्या केंद्राचा मार्ग तेवढा तोच राहिला पाहिजे. कॅमचे ५ आणि १०० मिमी व्हीलचे ५० मिळून ५५. रोलर म्हणून ६२०६ बेअरिंगची बाहेरची कडी वापरली तर तिचा व्यास ६२, त्रिज्या ३१. मग मास्टरचा बेस २४. चोवीस अधिक एकतीस, पंचावन्न! मास्टरच्या तिन्ही कमानी फक्त १९ ने फुगतात: बेस २४, फ्लँक ४०, नाक २१. आणि लिफ्टचा तक्ता जसाच्या तसा लागू होतो.

बाबा म्हणाले, "अगं, मग रोलर बनवायचाच नाही. बेअरिंग दुकानात मिळतं." तेवढ्यावर वाद मिटला.

२३ जून

चौकट झाली. बिजागराला १५ मिमी पिन आणि दोन्ही बाजूंना ६२०२ बेअरिंग, नटाने दाबून ढिलाई काढली. इथली ढिलाई मास्टरमधून येत नाही, पण लोबवर मात्र छापली जाते. डायल लावून चौकट हाताने हिसडली, काटा एक-दीड मायक्रॉन हलला. ठीक.

फिरवायला गाडीच्या वायपरची मोटर, भंगारातून आणलेली. आत वर्म गिअर असतो त्यामुळे हळू फिरते आणि मागे ढकलली जात नाही. बारा व्होल्टच्या जागी आठ दिले तर मिनिटाला सुमारे २५ फेरे. नाक ओलांडताना रोलर सुटू नये म्हणून एवढाच वेग हवा.

१४ जुलै

मास्टर. ओएचएनएस या टूल स्टीलचा तुकडा, डिव्हायडिंग हेड, आणि एंड मिलच्या सपाट तळाने एकेक फ्लॅट. सपाट कटर म्हणजे सपाट टॅपेटच, त्यामुळे तक्त्यातला आकडा अधिक २४ एवढीच उंची ठेवायची. हेडचं हँडल ४० वेळा फिरवलं की जॉब एकदा फिरतो, म्हणून एक अंशाला १८ भोकांच्या वर्तुळात २ भोकं. उणे साठपासून अधिक साठपर्यंत १२१ फ्लॅट.

२ अंशांच्या पायरीने निम्म्यात काम झालं असतं. पण फ्लँकवर दोन फ्लॅटमधला कंगोरा ६ मायक्रॉनचा राहतो. १ अंशाने दीड मायक्रॉन. दीड मायक्रॉन दगडाने जातो, सहा काढायला गेलं की आकारच जातो.

सत्त्याहत्तराव्या फ्लॅटला वीज गेली. आली तेव्हा मी हेडच्या चकतीवरचं भोक मोजलं होतं की नव्हतं हे आठवेना. बाबांनी भिंतीवर खडूने रेघा मारल्या होत्या, पाच-पाचचे गठ्ठे करून. मी त्यांना विचारलंही नव्हतं. शहात्तर रेघा होत्या.

मग कडक करणं, निळा रंग लावणं, दगड मारणं. निळाईचे पट्टे जेमतेम पुसले की थांबले.

२१ जुलै

रोज रात्री पाऊस आणि सकाळी सगळ्यावर गंज. मास्टर ग्रीस लावून प्लॅस्टिकमध्ये. आज एवढंच.

२८ जुलै

ग्राइंडिंग व्हील आणला, १०० मिमी, ए ६० के प्रतीचा, व्हिट्रिफाइड. आधी बोटावर अडकवून लाकडी मुठीने चारही बाजूंना टकटक केली. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत तडा. हा वाजला. फ्लँजमध्ये कागदाच्या चकत्या विसरायच्या नाहीत, नाहीतर नट आवळतानाच तडा जातो.

मोटर २८८० फेऱ्यांची, पुली दोनास एक, म्हणजे ५७६० फेरे. व्हीलच्या कडेचा वेग सेकंदाला ३० मीटर. अशा व्हीलला यापुढे फारसं जायचं नसतं. पत्र्याचं गार्ड आधी बसवलं, मग स्विच दाबला, आणि पहिली दोन मिनिटं सगळे बाजूला उभे. बाबांना हे सांगावं लागत नाही. भाच्याला हाताला धरून ओढावं लागलं.

बेडवर ओली फडकी, त्यावर वर्तमानपत्र. दगडाची भुकटी आणि लेथच्या पट्ट्या यांचं जमत नाही. काम संपल्यावर फडकी उचलायची, झटकायची नाहीत.

व्हील झिजल्यावर काय, हेही मोजलं. १०० चा ९६ झाला तर केंद्राचा मार्ग तोच राहतो पण त्रिज्या कमी होते, आणि लोबवर चूक येते ती जास्तीत जास्त साडेचार-पाच मायक्रॉन, तीही फ्लँक जिथे नाकाला मिळतो तिथे. म्हणून ९६ ला व्हील बदलायचा. भिंतीवर लिहिलं.

११ ऑगस्ट

कॅमशाफ्टचा ब्लँक. २० एमएनसीआर ५ पोलाद, तीन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) १५ मिमी, मधला शाफ्ट ८, लोब ४ मिमी रुंद. लोब मिलिंगवर ढोबळ काढले, घासण्यासाठी ०.३ ठेवून. कोन जूनमधल्या तक्त्याप्रमाणे: पहिल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट ० अंश, इनलेट ११०. दुसऱ्याचा इनलेट २०, एक्झॉस्ट २७०. तिसऱ्याचा एक्झॉस्ट ९०, इनलेट २००. चौथ्याचा इनलेट २९०, एक्झॉस्ट १८०. सगळे दहाच्या पटीत, म्हणून ३६ भोकांची एकच चकती पुरते.

दुसरं काम: क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवायला दातेरी बेल्ट लावायचा होता, त्याचा नाद सोडला. पुढच्या कव्हरमध्ये तो मावत नाही. त्याऐवजी २० आणि ४० दातांचे दोन गिअर, थेट एकमेकांत. आटोपशीर दिसतं.

२० ऑगस्ट

ब्लँक रबाळ्याला हीट ट्रीटमेंटला दिला होता, तो आणायला गेले. विटाव्याच्या पुलाखाली पाणी, तिथेच पाऊण तास. केस, म्हणजे वरचा कडक थर, ०.८ मिमी, कडकपणा ५९ रॉकवेल. घासून ०.३ गेलं तरी अर्धा मिमी कडक थर राहतो.

शाफ्ट ०.१२ ने वाकून आला. लांब बारीक जॉबचं असं होतंच. बाबांनी दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून, वर पितळेचा तुकडा देऊन, प्रेसने थोडं थोडं करत ०.०२ वर आणला. एका ठिकाणी मला 'कट्' ऐकू आल्यासारखं वाटलं. बाबांना विचारण्यात अर्थ नव्हता, त्यांना अलीकडे कमीच ऐकू येतं. भिंगाने बघितलं, तडा नाही. सेंटर पुन्हा घासून घेतले.

१ सप्टेंबर

पहिला लोब! कडेचा, पहिल्याचा एक्झॉस्ट. एका वेळी दीड शतांश मिमी कट, शेवटचे चार पास अर्ध्या-अर्ध्या शतांशाचे, शेवटी कट न देता ठिणग्या विझेपर्यंत. कूलंट वरून बाटलीतून. बेस सर्कल १०.००२. लिफ्ट १.९९६.

लगेच मधला लोब घेतला आणि तो १८ मायक्रॉन मोठा. क्रॉस स्लाइडचा आकडा तोच. अर्धा तास मी ग्राइंडरवर संशय घेतला. दोष शाफ्टचा होता: ८ मिमी जाड, सेंटरांमध्ये १५० मिमी लांब. मधोमध किलोभर जोर आला तरी तो १७ मायक्रॉन वाकतो. व्हील दाबतो, शाफ्ट मागे सरतो, लोब मोठा राहतो.

मधल्या जर्नलला मागून टेकू हवा, आणि तो चौकटीवरच हवा, बेडवर नाही, कारण जर्नल चौकटीबरोबर झुलतो. गनमेटलचे दोन पॅड, बारीक आट्यांच्या स्क्रूवर. मग मधला लोब दुसऱ्यांदा घेतला, ३ मायक्रॉनच्या आत आला.

८ सप्टेंबर

गणपती. शेड बंद. पाहुण्यांमधल्या एका काकांनी झाकलेली चौकट बघून "शिलाई मशीन का?" विचारलं. वायपरची मोटर दिसत होती, त्यांना दोष नाही.

१५ सप्टेंबर

तीन लोब झाले आणि फ्लँकवर बारीक लाटा. नख फिरवलं की लागतात. व्हील ड्रेस केला, बॅलन्स पाहिला, वेग कमी केला, काही फरक नाही. शेवटी ग्राइंडरचा व्ही-बेल्ट काढून हातावर फिरवला तर जोडापाशी गाठ. प्रत्येक फेरीला स्पिंडलला एक धक्का. चपटा शिवलेला पट्टा लावला. लाटा गेल्या. तिन्ही लोब पुन्हा घ्यावे लागले, म्हणजे बेस ९.९८. उरलेलेही आता ९.९८ वरच आणायचे. टॅपेटच्या स्क्रूत तेवढी जागा आहे.

२२ सप्टेंबर

आठही लोब झाले. बेस ९.९७८ ते ९.९८३. लिफ्ट १.९९४ ते २.००१. जळाल्याचा पिवळा-निळा डाग कुठेही नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा बाबांनी चष्मा काढून जॉब डोळ्यांजवळ धरला. काही बोलले नाहीत. परत देताना फडक्यात गुंडाळून दिला.

२९ सप्टेंबर

कॅमशाफ्ट बसवला, गिअर लावले, पहिल्याचा इनलेट वरच्या टोकानंतर ११० अंशांवर आणला आणि क्रँक हाताने फिरवला. कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला एक्झॉस्ट उघडला.

गिअर एक-एक दात सरकवून पाहिला. इनलेट जागेवर आणला की एक्झॉस्ट चुकतो, एक्झॉस्ट आणला की इनलेट. रात्री साडेदहाला लक्षात आलं. बेल्ट असता तर कॅमशाफ्ट क्रँकच्याच दिशेने फिरला असता. दोन गिअर थेट लावले की तो उलट फिरतो. तक्ता जूनचा, गिअर ऑगस्टचे. ११ ऑगस्टच्या नोंदीत दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत, एकीखाली एक, माझ्याच अक्षरात.

मधे तिसरा गिअर टाकायला कव्हरमध्ये जागा नाही. जेवले नाही.

५ ऑक्टोबर

नवा ब्लँक कापायला घेतला होता. बाबा जुना शाफ्ट हातात घेऊन बसले होते. म्हणाले, "उलटा फिरतोय ना? मग उलटा घाल की."

मी जरा तुसडेपणानेच म्हटलं, "बाबा, तो कॅमशाफ्ट आहे, बॅटरी नाही." आणि मग कागद घेतला.

शाफ्टचं पुढचं टोक मागे केलं की, समोरून पाहता, तो उलट फिरताना त्याच्या स्वतःच्या दृष्टीने मूळ दिशेनेच फिरतो. म्हणजे प्रत्येक जोडीत एक्झॉस्ट आधी, इनलेट नंतर, हे जुळलं. पण आता चौथ्याचे लोब पहिल्या सिलिंडरवर येतात, तिसऱ्याचे दुसऱ्यावर. मांडणी दोन्ही टोकांकडून सारखीच, म्हणून एक्झॉस्टवर एक्झॉस्टच येतो. फायरिंग ऑर्डर? १-३-४-२ मध्ये १ च्या जागी ४, ३ च्या जागी २ असं घाला: ४-२-१-३. एकपासून वाचा: १-३-४-२.

कोनांचाही ताळा केला. उलट्या क्रमाने वाचले तर १८०, २९०, २००, ९०, २७०, २०, ११०, ०. प्रत्येकातून १८० वजा करा, मूळ तक्ता अक्षरशः तोच. १८० चा फरक गिअर बसवतानाच निघून जातो.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी हिशेब ऐकून घेतला, पण त्यांना तो नको होता असं वाटलं. त्यांच्या डोक्यात फक्त शाफ्ट होता, कागद नव्हता.

अडचण एकच: गिअर बसवायचं शाफ्टचं टोक, म्हणजे नाळ, आता मागे गेली. पुढे आलेल्या टोकाला जेमतेम ४ मिमी लांबीचा खुंट, तोही कडक. त्याच्या सेंटरच्या भोकाला कार्बाइड ड्रिलने ३.३ केलं. भोकाभोवतीचा ०.८ चा कडक थर त्यात बहुतेक निघून जातो आणि आत मऊ गाभा लागतो. तोंडाशी ५.५ ने मोठं करून घेतलं, नाहीतर पहिल्याच आट्याला टॅप मोडला असता. एम ४ चा टॅप, तेल, आणि पाव-पाव फेरा. गिअर खुंटावर लॉकटाइट ६३८ या चिकट द्रवाने आणि स्क्रूने. मागची नाळ कटिंग डिस्कने उडवली.

१२ ऑक्टोबर

दसरा. लेथला झेंडूची माळ, ग्राइंडरला हळदकुंकू. आज यंत्र चालवायचं नाही. मास्टर कॅमही पूजेत ठेवला. ते बाबांनी ठेवलं.

२० ऑक्टोबर

अंशांची चकती क्रँकवर, डायल टॅपेटवर, क्लिअरन्स ०.०५. पहिल्याचा इनलेट वरच्या टोकाआधी एक अंश उघडतो. हिशेबाने १० मधून ९ वजा, बरोबर. बंद ४१ वर. दुसरा, तिसरा एका अंशाच्या आत. चौथ्याचा एक्झॉस्ट दोन अंश उशिरा. तो लोब मी पहिला घासला होता, टेकू लावायच्या आधी; शाफ्ट उलटा घालण्याआधी तो पहिल्या सिलिंडरचा होता.

बाबा म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, स्प्रिंग चढवल्यावर पुन्हा मोजते. व्हॉल्व्ह स्प्रिंगची तार ०.९ घ्यायची की १, हे उद्या ठरवू.